द्रवस्फटिकात कायरल नॅनोकण मिसळल्याने नेमके काय साधते?

तुम्ही एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या प्रकल्पासाठी विषय शोधत आहात. द्रवस्फटिक (द्रवासारखे वाहणारे, पण रेणूंची दिशा ठरलेली असणारे पदार्थ) आणि कायरल (डाव्या-उजव्या हातांसारखे, आरशातल्या प्रतिमेशी तंतोतंत न जुळणारे) नॅनोपदार्थ एकत्र आणले की प्रकाशाचा रंग आणि ध्रुवीकरण (कंपनाची दिशा) हवे तसे वळवता येते, असे तुमच्या वाचनात आले आहे. हे कितपत खरे, त्यात कोणाचा वाटा किती, आणि कोल्हापुरात बसून यातले काही करता येईल का, असे तुम्ही विचारले आहे. वडील साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहेत असेही तुम्ही लिहिले आहे, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करतो, कारण कायरल पदार्थ प्रकाशाला कसा वळवतो याचे मोजमाप आपल्या जिल्ह्यात गाळप हंगामात प्रत्येक पाळीत होत असते.

उसाच्या रसाचा ‘पोल’, म्हणजे त्यातले साखरेचे प्रमाण, काढतात तो पोलॅरिमीटरवर. २६ ग्रॅम शुद्ध साखर पाण्यात विरघळवून द्रावण १०० मिलिलिटर केले आणि ते २०० मिलिमीटरच्या नळीत भरले, की सोडियमच्या पिवळ्या प्रकाशाचे ध्रुवीकरणाचे प्रतल सुमारे ३४.६ अंशांनी उजवीकडे फिरते, आणि साखरेच्या मोजपट्टीवर यालाच १०० म्हणतात. ही फिरण संपूर्ण वीस सेंटिमीटरच्या वाटेत मिळून झालेली आहे हे नीट ध्यानात घ्या. चांगल्या कोलेस्टेरिक, म्हणजे मळसूत्रासारखी पिळाची मांडणी असलेल्या, द्रवस्फटिकात, त्याच्या परावर्तनाच्या पट्ट्याजवळ (ज्या तरंगलांबी तो परत पाठवतो त्यांच्याजवळ), ही फिरण एका मिलिमीटरला हजारो अंश इतकी असते. साखरेचा रेणूही कायरल आणि द्रवस्फटिकात घातलेला रेणूही कायरल, मग हा प्रचंड फरक कुठून येतो? तुमच्या प्रकल्पाचा सगळा गाभा या एका प्रश्नात आहे.

शिवाजी उद्यमनगरातल्या कोणत्याही वेल्डिंग शेडमध्ये गेलात तर ऑक्सिजनच्या सिलिंडरला उजवे आटे आणि अ‍ॅसिटिलीनच्या सिलिंडरला डावे आटे दिसतील, आणि ते मुद्दाम तसे ठेवलेले असतात, म्हणजे एकाचा रेग्युलेटर चुकून दुसऱ्यावर बसू नये. वर्तुळाकार ध्रुवित प्रकाशालाही असेच उजवे किंवा डावे आटे असतात, कारण त्याचे विद्युत क्षेत्र पुढे सरकताना मळसूत्रासारखे फिरत जाते. पण नट बसायला आट्यांची दिशा जुळून भागत नाही, पिच, म्हणजे एका फेऱ्याचे अंतर, तोही जुळावा लागतो. प्रकाशाच्या मळसूत्राचा पिच म्हणजे माध्यमातली त्याची तरंगलांबी, म्हणजे दृश्य प्रकाशासाठी काही शे नॅनोमीटर, आणि साखरेचा रेणू जेमतेम एक नॅनोमीटरचा. दिशा आहे, पण माप शेकडो पटींनी लहान आहे, म्हणून एकेका रेणूचा परिणाम नगण्य राहतो आणि मोजण्याइतका व्हायला वीस सेंटिमीटर द्रावण लागते.

द्रवस्फटिक हे माप मोठे करून देतो, आणि माझ्या मते या सगळ्या शाखेतली ही सर्वांत सुंदर गोष्ट आहे. नेमॅटिक द्रवस्फटिकात लांबट रेणू साधारण एकाच दिशेने तोंड करून असतात. त्यात थोडा कायरल पदार्थ टाकला की प्रत्येक थर आधीच्या थरापेक्षा किंचित वळतो, आणि ही किंचित वळणे साचत जाऊन काही शे नॅनोमीटरमध्ये पूर्ण एक फेरा होतो. हीच कोलेस्टेरिक मांडणी. ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीड्रिख राइनित्झर यांनी १८८८ मध्ये प्रागला कोलेस्टेरिल बेन्झोएट तापवले तेव्हा ते १४५.५ अंशांना वितळून गढूळ झाले आणि १७८.५ अंशांना निर्मळ झाले, आणि थंड होताना त्यात निळे-जांभळे रंग चमकून गेले. ते रंग या मळसूत्राचेच होते. राइनित्झर यांनी नमुने जर्मन भौतिकशास्त्रज्ञ ओटो लेमान यांच्याकडे पाठवले आणि लेमान यांनी ते तापवता येणाऱ्या ध्रुवण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. आज तुमच्या प्रयोगशाळेत जो हॉट स्टेज (सूक्ष्मदर्शकाखाली नमुना तापवणारा मंच) लागेल त्याचा तो पूर्वज समजा.

आता आकड्यांकडे येऊ, कारण पुढे तुम्हाला हाच हिशेब रोज करावा लागेल. लंब दिशेने पडलेल्या प्रकाशासाठी परावर्तित तरंगलांबी ही सरासरी अपवर्तनांक गुणिले पिच इतकी असते. अपवर्तनांक १.६ आणि पिच ३४० नॅनोमीटर धरला तर ५४४ नॅनोमीटर, म्हणजे हिरवा रंग. पट्ट्याची रुंदी द्विअपवर्तन (रेणूंच्या लांबीच्या आणि आडव्या दिशेतल्या अपवर्तनांकांतला फरक) गुणिले पिच इतकी, म्हणजे द्विअपवर्तन ०.२ असेल तर सुमारे ७० नॅनोमीटर. पिच किती येईल हे कायरल पदार्थाची पिळण्याची ताकद आणि त्याचे प्रमाण यांच्या गुणाकारावर ठरते. या गुणाकाराचा व्यस्त म्हणजे पिच, त्यामुळे ३४० नॅनोमीटरसाठी तो गुणाकार प्रति मायक्रोमीटर २.९४ हवा. एस८११ या नेहमीच्या डोपंटची (मिसळायच्या कायरल पदार्थाची) ताकद प्रति मायक्रोमीटर साधारण दहा-अकराच्या घरात असते, म्हणजे वजनाने २७-२८ टक्के घालावा लागतो, आणि इतका घातला की मूळ द्रवस्फटिकाचे निर्मळ होण्याचे, म्हणजे साधा द्रव बनण्याचे, तापमान बरेच खाली उतरते. आर५०११ सारख्या जोरकस डोपंटची ताकद शंभराच्या वर असल्याने त्याचे तीनेक टक्के पुरतात. तो महाग आहे, पण तुम्हाला लागणार मिलिग्रॅममध्ये.

उजव्या पिळाचा थर उजवा वर्तुळाकार ध्रुवित प्रकाश परत पाठवतो आणि डावा तसाच पुढे सोडतो. साधा प्रकाश टाकला तर एका थराकडून जास्तीत जास्त निम्माच परत येईल, उरलेला निम्मा परत आणायला उलट पिळाचा दुसरा थर लागतो. साध्या आरशावरून परतताना प्रकाशाचे आटे उलटतात, कोलेस्टेरिकवरून परतताना ते तसेच राहतात. हे परावर्तन पूर्ण व्हायला साधारण दहा फेरे पुरतात, म्हणजे वरच्या उदाहरणात तीन-साडेतीन मायक्रोमीटरचा थर. तिरके पाहिले की रंग निळ्याकडे सरकतो, म्हणून कोन न लिहिता रंग नोंदवू नका.

हे पाहायला विद्यापीठात जाण्याचीही गरज नाही. महाद्वार रोडवर मुलांसाठी ज्या एलसीडी पाट्या मिळतात, ज्यावर काडीने लिहिले की हिरवट अक्षर उमटते आणि बटण दाबले की पुसते, त्यांच्या आत कोलेस्टेरिक द्रवस्फटिकच असतो. काडीच्या दाबाने त्या जागचा द्रव वाहतो आणि अस्ताव्यस्त पडलेली मळसूत्रे पाटीला लंब उभी राहतात, त्यामुळे तिथून रंग परावर्तित होतो. बटणाने दिलेला विद्युत स्पंद त्यांना पुन्हा अस्ताव्यस्त करतो. मधल्या काळात विजेची गरज नाही, दोन्ही अवस्था आपापल्या जागी टिकतात. थ्रीडी सिनेमाचा वर्तुळाकार ध्रुवणाचा चष्मा मिळाला तर एकेका काचेतून ते अक्षर पाहा. वरच्या प्लास्टिकमुळे फरक थोडा पुसट होईल, पण एका काचेतून अक्षर उजळ आणि दुसरीतून मंद दिसायला हवे. विजेने, उष्णतेने, दाबाने आणि प्रकाशानेही हा पिच हलवता येतो. अ‍ॅझोबेन्झीन असलेले डोपंट अतिनील प्रकाशात वाकतात, त्यांची पिळण्याची ताकद बदलते आणि सोबत रंगही. बेन फेरिंगा, ज्यांना रेणूंच्या यंत्रांसाठी २०१६ चे रसायनशास्त्राचे नोबेल दोघांबरोबर विभागून मिळाले, त्यांच्या गटाने २००६ मध्ये प्रकाशावर चालणारी रेण्वीय मोटर द्रवस्फटिकात घालून त्याच्या पृष्ठावर ठेवलेली काचेची सूक्ष्म कांडी फिरवून दाखवली होती.

आता नॅनोपदार्थांकडे वळू. सोन्याच्या लहान गोल कणाचे प्लाझ्मॉन शोषण (धातूतले इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एकत्र हेलकावल्याने होणारे) ५२० नॅनोमीटरच्या आसपास असते, चांदीच्या कणाचे ४०० च्या आसपास, पण गोल कण स्वतः कायरल नसतो. त्याला कायरल करण्याच्या तीन वाटा आहेत. कणाच्या अंगावर कायरल रेणू चिकटवणे ही सर्वांत सोपी आणि बहुधा सर्वांत दुबळी वाट. दुसरी म्हणजे कणांची मांडणीच मळसूत्रात करणे, जसे २०१२ मध्ये डीएनए ओरिगामीच्या (डीएनएला घड्या घालून बनवलेल्या) साच्यावर सोन्याचे कण डाव्या आणि उजव्या पिळात बसवून दाखवले गेले. तिसरी वाट कणाचा आकारच पिळदार घडवण्याची. दक्षिण कोरियातल्या सोलच्या गटाने २०१८ मध्ये सिस्टीन आणि ग्लुटाथायोन या कायरल रेणूंच्या उपस्थितीत सोन्याचे कण वाढवले तेव्हा घनाकृती कणांच्या बाजूंवर वळलेल्या खाचा तयार झाल्या, आणि त्यांचा विषमता गुणांक ०.२ पर्यंत गेला. हा गुणांक म्हणजे डाव्या आणि उजव्या प्रकाशाच्या शोषणातला फरक भागिले त्यांची सरासरी, म्हणून त्याची कमाल मर्यादा २ आहे. साध्या कायरल रेणूंचा गुणांक बहुतेक वेळा हजारांश किंवा त्याहून कमी असतो, तेव्हा ०.२ ही झेप मोठीच आहे. हा कण शंभर-दीडशे नॅनोमीटरचा आहे, म्हणजे इथेही आट्याचे माप प्रकाशाच्या जवळ आणल्यानेच काम झाले.

मात्र नॅनोवाल्यांच्या लिखाणात एक गोष्ट फार वेळा निसटते. चांगला जुळलेला कोलेस्टेरिक थर आपल्या पट्ट्यात एका हाताचा (डावा किंवा उजवा) प्रकाश जवळपास पूर्ण अडवतो आणि दुसऱ्या हाताचा जवळपास पूर्ण सोडतो. नुसती हातांमधली निवड हवी असेल तर तिथे नॅनोकणांनी घालण्यासारखी भर फारशी उरत नाही. मग कण कशासाठी मिसळायचे? माझ्या दृष्टीने तीन कारणे खरी आहेत. कोलेस्टेरिक प्रकाश परत पाठवतो, शोषत नाही, आणि कण शोषतात. त्यामुळे सोन्याच्या कांड्या, म्हणजे लांबट नॅनोकण, घातल्या तर अवरक्त लेसरने नेमकी तेवढीच जागा तापवून तिथला पिच हलवता येतो. दुसरे, कणाच्या अगदी जवळचे विद्युत क्षेत्र तीव्र असते, आणि शेजारच्या प्रतिदीप्त रेणूच्या उत्सर्जनावर त्याचा परिणाम होतो. तिसरे, कायरल रेणू लावलेला कण स्वतःच डोपंटसारखा वागून नेमॅटिकला पीळ देऊ शकतो, आणि कणाच्या पृष्ठावरची कायरलता आसपास कशी पसरते हे मोजायला नेमॅटिक ही उत्तम पट्टी ठरते. तुमच्या प्रकल्पाला यांपैकी एक कारण स्पष्ट हवे. ‘दोन्ही मिसळले आणि गुणधर्म सुधारले’ हे कारण नव्हे, मग त्यावर कितीही शोधनिबंध निघालेले असोत.

मिसळण्यातली अडचण अशी की द्रवस्फटिकाला आपल्या मांडणीत पाहुणा आवडत नाही. कण एकमेकांकडे ढकलले जातात, गुठळ्या होतात, आणि त्या दोषरेषांवर (जिथे रेणूंची मांडणी मोडते त्या रेषांवर) जाऊन बसतात. वजनाने ०.१ टक्क्याच्याही खाली सुरुवात करा. कण आधी क्लोरोफॉर्मसारख्या द्रावकात नीट पसरवून द्रवस्फटिकात घाला, निर्मळ अवस्थेत ढवळत द्रावक पूर्ण उडवा, आणि सेल (दोन काचांमधली पातळ फट) भरल्यावर आठवड्याने पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली पाहा, कारण पहिल्या दिवशी स्वच्छ दिसणारा नमुना नंतर ठिपक्यांनी भरलेला असू शकतो. पाण्यात बनवलेल्या कणांबरोबर क्षार येतात, आणि विद्युत क्षेत्राखाली जो ‘सुधारलेला प्रतिसाद’ मोजला जातो तो पुष्कळदा त्या आयनांचा असतो. म्हणून कण काढून टाकलेल्या त्याच द्रावणाचा उरलेला अंश घालून एक तुलनेचा नमुना करावाच लागतो.

याहून मोठा सापळा वर्तुळ द्विवर्णता, म्हणजे डाव्या आणि उजव्या वर्तुळाकार प्रकाशाच्या शोषणातला फरक, मोजणाऱ्या यंत्रात आहे. ते यंत्र द्रावणांसाठी बनवलेले असते, ज्यात रेणू सर्व दिशांना विखुरलेले असतात. तुमचा थर मात्र दिशा धरून बसलेला आहे, म्हणजे त्यात रेषीय द्विअपवर्तन आहे, आणि कांड्या किंवा रंगद्रव्य असेल तर रेषीय द्विवर्णताही (उभ्या आणि आडव्या ध्रुवित प्रकाशाच्या शोषणातला फरक) आहे. या दोन्हींचे अक्ष एकमेकांशी तिरके असले की कायरलता अजिबात नसतानाही पडद्यावर मोठे, देखणे शिखर उभे राहते. ताणलेल्या प्लास्टिकचा तुकडा आणि रेषीय ध्रुवकाचा तुकडा एकमेकांवर तिरके ठेवूनही ते दाखवता येते. उपाय खर्चाचा नाही. नमुना प्रकाशाच्या अक्षाभोवती ४५-४५ अंशांनी फिरवत मोजा. आकडा कोनाबरोबर हलत असेल तर यंत्रातल्या उणिवा आणि नमुन्याची दिशा यांची सरमिसळ झालेली आहे. त्यानंतर नमुना पाठपोट उलटवून मोजा. खरी वर्तुळ द्विवर्णता समोरून आणि मागून सारखीच येते, कारण उजवे आटे कोणत्याही टोकाकडून पाहिले तरी उजवेच असतात, तर रेषीय परिणामांच्या सरमिसळीतून आलेला भाग उलटवल्यावर चिन्ह बदलतो. शेवटी उलट हाताचा डोपंट घालून आरशातला जोडीदार नमुना बनवा. त्याचा आलेख शून्यरेषेखाली तसाच्या तसा उलटा आला पाहिजे. या तीन मोजण्या नसलेला वर्तुळ द्विवर्णतेचा आलेख माझ्यासमोर परीक्षणाला आला तर मी पुढचे पान वाचत नाही.

कोलेस्टेरिकच्या बाबतीत आणखी एक भान ठेवावे. यंत्र फक्त पलीकडे किती पोहोचले ते पाहते, त्यामुळे परत गेलेला प्रकाशही त्याच्या लेखी शोषलेलाच असतो. सोन्याच्या शोषणाचे शिखर आणि परावर्तनाचा पट्टा एकाच ठिकाणी ठेवलात तर कोणता वाटा कोणाचा हे सांगता येणार नाही. आधी पट्टा ७०० नॅनोमीटरच्या पुढे न्या, ५२० जवळ काय उरते ते पाहा, आणि मग दोन्ही एकत्र आणा.

कोल्हापुरात काय करता येईल याबद्दल माझे मत असे की ५सीबी किंवा ई७ ही तयार मिळणारी नेमॅटिक द्रवस्फटिके विकत घेऊन सेल बनवणे अवघड नाही. काचेवर पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा पातळ थर देऊन तो मखमली कापडाने एकाच दिशेने घासायचा, दोन काचांमध्ये अंतर राखणारे काही मायक्रोमीटरचे स्पेसर, कडेला अतिनील प्रकाशात पकडणारा गोंद, आणि भरणे निर्मळ अवस्थेत केशाकर्षणाने. हॉट स्टेजसाठी उद्यमनगरात अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा घडवून घ्या, त्यात काट्रिज हीटर आणि थर्मोकपल बसवा. ५सीबी सुमारे ३५ अंशांना निर्मळ होतो, म्हणजे एप्रिलच्या दुपारी वातानुकूलन नसलेल्या खोलीत तुमचा द्रवस्फटिक नुसताच द्रव होऊन बसेल. म्हणून उन्हाळ्यात काम करायचे असेल तर ई७ घ्या, तो साठ अंशांच्या आसपासपर्यंत टिकतो.

पण मला निवड करायला सांगितली तर मी तुम्हाला बगॅसकडे, म्हणजे उसाच्या चोथ्याकडे, वळवीन. सेल्युलोजचे नॅनोस्फटिक पाण्यात पुरेसे दाट झाले की आपोआप डाव्या पिळाचे कोलेस्टेरिक बनतात, आणि थर वाळला तरी तो पीळ घट्ट राहतो. निसर्गात याच मांडणीने रंग येतात. १९११ मध्ये मायकेलसन यांनी एका सोनेरी भुंगेऱ्याच्या पाठीवरून येणारा प्रकाश वर्तुळाकार ध्रुवित असल्याचे नोंदवले होते, तिथे सेल्युलोजऐवजी कायटिन असते एवढाच फरक. कारखान्यातला बगॅस किंवा गुऱ्हाळावरचे चिपाड आधी कॉस्टिक सोड्याने आणि नंतर विरंजकाने लिग्निनमुक्त करावे लागते, आणि यात घाई केली तर पुढचे सगळे तपकिरी येते. मग सुमारे ६४ टक्के गंधकाम्लात ४५ अंशांना पाऊण ते एक तास, भरपूर थंड पाण्याने अभिक्रिया थांबवणे, सेंट्रिफ्यूज, डायलिसिस, आणि अल्ट्रासॉनिक प्रक्रिया. हे आम्लाचे काम मार्गदर्शक शेजारी असताना, धूर खेचणाऱ्या कपाटातच करायचे. दोन-तीन टक्क्यांचे द्रावण पेट्री डिशमध्ये ओतून झाकण किंचित उघडे ठेवून सावकाश वाळवले की रंगीत पापुद्रा मिळतो. अल्ट्रासॉनिक वाढवले तर रंग तांबड्याकडे जातो, किंचित मीठ घातले तर निळ्याकडे. जुलै-ऑगस्टच्या आपल्या हवेत पापुद्रा सावकाश वाळतो आणि मांडणी चांगली बसते, मात्र वाळलेला पापुद्राही हवेतला ओलावा शोषून फुगतो आणि रंग तांबड्याकडे सरकतो, म्हणून मोजताना खोलीची आर्द्रता लिहून ठेवा.

यात सोन्याच्या कांड्या घालणे हा प्रकल्पाचा दुसरा टप्पा होऊ शकतो. कांड्या मळसूत्राबरोबर वळतात आणि त्यांच्या प्लाझ्मॉनच्या जागी वर्तुळ द्विवर्णता दिसते, हे दाखवले गेले आहे. अडचण प्रभाराची येते. गंधकाम्लामुळे सेल्युलोजच्या स्फटिकांवर ऋण प्रभार बसतो, आणि सीटीएबी या साबणासारख्या पदार्थाच्या द्रावणात बनवलेल्या कांड्यांवर धन प्रभार असतो, त्यामुळे जास्त मिसळले की दही फाटल्यासारखे होते. एक तर कांड्यांवरचा थर बदलून प्रभार ऋण करा, नाही तर प्रमाण अगदी कमी ठेवा आणि कांड्या थेंबाथेंबाने घाला. सेल्युलोजचा पीळ कायम डावाच असल्याने आरशातला जोडीदार इथे मिळत नाही. म्हणून पाठपोट उलटवण्याची मोजणी इथे दुप्पट महत्त्वाची, आणि जोडीला याच कांड्या पिळाशिवायच्या पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या पापुद्र्यात घालून तुलनेचा नमुना करा.

वर्तुळ द्विवर्णतेच्या यंत्राची वाट पाहत बसू नका. साध्या दृश्य-अतिनील स्पेक्ट्रोमीटरमध्ये नमुन्याआधी रेषीय ध्रुवक आणि पाव तरंग पट्टी बसवून, पट्टी अधिक ४५ आणि वजा ४५ अंशांवर ठेवून दोनदा पारगमन मोजले की पहिला अंदाज मिळतो. पट्टी एकाच तरंगलांबीसाठी अचूक असते, त्यामुळे तेवढ्याच भागावर भरवसा ठेवा, आणि आधी रिकामी काच मोजून दोन्ही वाचने सारखी येतात याची खात्री करा. मोठ्या यंत्रावर वेळ मिळेल तेव्हा नमुने क्वार्ट्झवर तयार ठेवा, कारण साधी काच ३२० नॅनोमीटरच्या खालचे जवळपास सगळे गिळते. काचपट्टीच्या एका कोपऱ्यावर हिऱ्याच्या पेनाने खूणही करून ठेवा, म्हणजे समोरची बाजू कोणती आणि मागची कोणती हे उलटवताना विसरणार नाही.